दाजीबांचा अंगठा

रोड-रोलरला हळदकुंकू लावलेले मी त्या दिवशी प्रथमच पाहिले. नगरपालिकेचा तो जुना, वाफेवर चालणारा रोलर धुऊनपुसून चौकात आणून उभा केला होता. धुराड्याला आंब्याचे डहाळे बांधले होते, पुढच्या लोखंडी चाकावर कुंकवाची पाच बोटे उमटवली होती, आणि त्याच्यासमोर रस्त्यावर घराघरांतून आलेली भांडी पसरली होती. हंडे, कळश्या, घंगाळी, पराती, समया, अडकित्ते, देव्हाऱ्यातल्या घंटा. जवळजवळ प्रत्येक भांड्यावर नाव होते. आपल्याकडे भांडे सहसा नावाशिवाय घरात येत नाही. लग्नात मामाने दिलेले, बारशाला आजोळहून आलेले, डोहाळजेवणाला मैत्रिणींनी मिळून घेतलेले. कोणी, कोणाला, कशासाठी दिले, हे दुकानदार तिथेच बसून ठिपक्याठिपक्यांनी कोरून देतो. त्या दिवशी सबंध शहराचे नातेगोते रस्त्यावर पालथे पडले होते.

स्मारक समितीचे अध्यक्ष बापूसाहेब कवठेकर ध्वनिक्षेपकासमोर उभे होते.

"हुतात्मा दाजीबा सोनसळ्यांचा पुतळा विकतच्या धातूचा होणार नाही," ते सांगत होते. "तो तुमच्या चुलीवरच्या तपेल्यांचा होईल. तुमच्या देव्हाऱ्यातल्या समयांचा होईल. पाडव्याला दिल्लीचे पाहुणे येतील, तेव्हा आपण त्यांना सांगू की हा पुतळा आमच्या घरांतून उभा राहिला आहे."

दाजीबा सोनसळे हे प्राथमिक शाळेतले मास्तर. अंगाने काटकुळे, उंचीने बेताचे, बाराही महिने अनवाणी. बेचाळीस साली कचेरीवर झेंडा लावायला निघालेल्या मोर्चाच्या ते अग्रभागी होते, आणि गोळीबारात प्रथम तेच पडले. त्यांच्यामागून काही विद्यार्थीही पडले. स्वातंत्र्यानंतर दहा-बारा वर्षांनी दाजीबांचे स्मारक राष्ट्रीय ठरले आणि आमच्या शहराच्या वाट्याला एक पुतळा, एक समिती आणि एक तारीख आली.

भांडी चिरडायची कल्पना बापूसाहेबांची होती. एकतर दिलेले दान कोणी परत मागू नये, आणि दुसरे म्हणजे ते वाटेत कोणी लांबवू नये. दोन्ही हेतू व्यवहाराला धरून होते. रोलरमुळे त्यांना समारंभाची जोड मिळाली.

मी तेव्हा इथल्या कॉलेजात धातुशास्त्र शिकवत असे. त्या नात्याने मला निमंत्रण होते आणि बसायला खुर्चीही होती. पण सवयीने मी दोरीपाशी जाऊन ढीग न्याहाळू लागलो. फक्त तांबे, पितळ आणि कासे घ्यायचे, असे समितीने ठरवले होते. ढिगात जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, पातेली होती. एक जस्ती बादली होती. एक लोखंडी कढई होती, तिला कोणीतरी कौतुकाने आतून कल्हई करून दिली होती. ते मी पाहिले, एवढेच तूर्त सांगतो.

शेवटच्या काही देणाऱ्यांत चौकाच्या कोपऱ्यावर चिरमुरे भाजणाऱ्या यमुनाक्का टोणपे होत्या. त्यांच्या हातात एक पितळी फुलपात्र होते. पाणी प्यायचे, बाहेर वळलेल्या काठाचे, लहान मुलाच्या मुठीत मावेल एवढे. त्यावर कोरले होते : चि. बळवंत यास आजोळकडून. हा बळवंत दाजीबा मास्तरांच्या मागून मोर्चात गेला आणि परत आला नाही. त्या दिवशीची प्रेते पोलिसांनी परस्पर जाळली होती. बळवंतचा फोटो कोणी कधी काढलेला नव्हता. शहरातल्या लोकांना तो माहीत होता, तो यमुनाक्कांचा मुलगा म्हणून. यमुनाक्कांजवळ त्याचे होते ते हे फुलपात्र.

दोरीपाशी येऊन त्या थबकल्या. शेजारी पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ उभे होते, त्यांना त्यांनी काहीतरी विचारले. गृहस्थांनी उत्तर दिले. मग त्यांनी फुलपात्र पदराने पुसले आणि स्वयंसेवकाच्या हातात ठेवले. त्याने ते ढिगावर टाकले.

"असं न्हाई रं," यमुनाक्का म्हणाल्या. "नाव वर येऊ दे."

स्वयंसेवकाने वाकून ते नीट आडवे केले. नाव वर आले. रोलरने शिट्टी दिली, लोकांनी दाजीबांचा जयजयकार केला आणि टाळ्या वाजवल्या. भांडी चेपण्याचा आवाज वाटतो तेवढा मोठा नसतो. समयांच्या दांड्या तेवढ्या कडाडल्या. रोलर मागेपुढे फिरून बाजूला झाला, तेव्हा रस्त्यावर एक जाडजूड, रंगीबेरंगी पत्रा उरला होता. त्यात कोणाचे काय, ते ओळखू येत नव्हते.

त्या पत्र्याचा तुकडा पुढच्या आठवड्यात माझ्या प्रयोगशाळेत आला. तो वितळवून मी एक कांडी ओतली आणि मधोमध कापून बापूसाहेबांपुढे ठेवली. कापलेल्या तोंडाला अनारशासारखी जाळी पडली होती.

"ही भोकं कशाची?" त्यांनी विचारले.

"मुख्यतः जर्मनची. थोडं जरी मिसळलं तरी ओतकाम असं होतं. शिवाय कल्हईचं कथील, सांधे जोडायच्या डागाचं शिसं, बादलीचं जस्त."

"वेगळं काढता येणार नाही?"

"रोलर फिरायच्या आधी येत होतं."

बापूसाहेबांनी कांडी उलटसुलट करून पाहिली. "रोलर माझी कल्पना," ते म्हणाले. "लोकांना आवडली होती."

"आवडली होती. मीही टाळ्या वाजवल्या."

"मग आता विकत घेऊ ब्राँझ."

"तांब्याला परवाना लागतो."

"तो दिल्लीहून यायचा. वर्ष जाईल." त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "आणि पाहुणेही दिल्लीहूनच यायचे. त्यांना काय सांगू, प्रोफेसर? की आम्ही आयाबायांची भांडी घेतली आणि रस्त्यात दाबून ठेवली?"

माझे काम तपासणीचे होते आणि तपासणी झाली होती.

पुढे त्यांनी मला अग्निशामक दलामागच्या नगरपालिकेच्या गोदामात बोलावून घेतले. तिथे शिल्पकार तारी आधीच येऊन बसले होते. तारी मूळचे कोकणातले. मुंबईत शिल्पकला शिकलेले, आणि आयुष्यभर पुढाऱ्यांचे अर्धपुतळे करून कलेविषयी कमालीचे निर्विकार झालेले. गोदामाच्या मधोमध ताडपत्रीखाली काहीतरी उभे होते आणि त्याच्या वर आढ्यात कबुतरे घुमत होती.

तारींनी ताडपत्री ओढली. आत सर ऑगस्टस पिम होते.

हे एकेकाळचे गव्हर्नर. स्वातंत्र्याच्या वर्षी त्यांना चौकातून उचलून इथे आणले होते आणि लोक त्यांना विसरून गेले होते. साडेसात फुटी देह, घोळदार झगा, सुखवस्तू पोट, गुडघ्यापर्यंत बूट आणि तलवारीच्या मुठीवर उजवा हात.

"प्रोफेसर," तारी म्हणाले, "हे कशाचे बनवलेत तेवढं सांगा."

झग्याच्या आतल्या काठावरून थोडा कीस घेऊन मी गेलो आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन परत आलो. ब्राँझ उत्कृष्ट होते. साहेबाने राज्य कसेही केले असो, ओतकाम चोख केले होते.

"वितळवायचं?" बापूसाहेबांनी विचारले.

"एवढी भट्टी इथे नाही आणि पाडव्यापर्यंत वेळही नाही," तारी म्हणाले. "वितळवायचं कशाला? डोकं कापू, पाय कापू. मधलं राहू द्या. मधलं सगळ्यांचं सारखंच असतं."

"दाजीबा माझ्या खांद्याला लागत होते हो."

"हुतात्मा झाल्यावर माणूस वाढतो."

"आणि हे पोट? त्यांना दोन वेळचं पोटभर मिळत नव्हतं."

"झग्याची घोंगडी करतो. चार रेघा मारल्या की झाली घोंगडी. पोट तिच्याखाली."

"हात?"

तारी त्या हाताकडे बराच वेळ पाहत राहिले. "तलवार काढता येईल," ते म्हणाले. "पण मूठ आवळलेलीच राहणार. काहीतरी द्यावं लागेल तिला. छत्री देऊ. मास्तर होते ना?"

"मी त्यांच्याच वर्गात होतो," बापूसाहेब म्हणाले. "त्यांना छत्री कुठली? पावसात पोत्याची खोळ घेऊन यायचे."

"पोत्याच्या खोळीला दांडा नसतो, बापूसाहेब."

अशा रीतीने दाजीबांना छत्री मिळाली.

राहिला नव्या डोक्याचा आणि नव्या पायांचा प्रश्न. त्यांना धातू लागणार होता आणि तो बाहेरून आणायचा नव्हता. तारींनी खडूने साहेबाच्या गळ्याभोवती एक रेघ मारली, गुडघ्यांखाली दोन मारल्या आणि सांगितले, "बूट आणि तलवार वितळवली की त्यात दाजीबांचं डोकं निघतं. साहेबाचं डोकं वितळवलं की पाय."

बापूसाहेब त्या सबंध प्रकरणात पहिल्यांदाच हसले. "साहेबाचं डोकं दाजीबांच्या पायात. प्रोफेसर, स्वातंत्र्य म्हणजे आणखी काय असतं?"

"आणि साहेबाचे बूट दाजीबांच्या डोक्यात," मी म्हणालो.

बापूसाहेबांचे हसू ओसरले.

"तुम्ही शास्त्रवाले म्हणजे," ते म्हणाले, "जेवणात खडा पहिल्यांदा तुम्हालाच लागतो. तुमच्या शास्त्राचं काही म्हणणं आहे का या कामाविषयी?"

"आक्षेप नाही."

आणि खरोखरच नव्हता. धातुशास्त्राच्या दृष्टीने ही योजना निर्दोष होती. दुसऱ्या कुठल्या दृष्टीने पाहायला मला कोणी बोलावले नव्हते.

"त्या पत्र्याचं काय करणार?" मी निघता निघता विचारले.

"त्याची व्यवस्था होईल."

काही दिवसांनी चौकाजवळच्या आवारात ठेवलेला तो पत्रा नाहीसा झाला. एक ट्रक येऊन गेला, असे शिपायाने सांगितले. ट्रक कुठला आणि कुठे गेला, हे त्याला ठाऊक असावे. मी विचारले नाही.

पाडव्याला अनावरण झाले. पडदा सरकला तेव्हा गर्दी एकदम शांत झाली. मला वाटले, लोकांनी साहेबाला ओळखले. पण ती शांतता वेगळी होती. चेहरा तारींनी खरोखर चांगला साधला होता. बापूसाहेबांच्या आठवणीवरून आणि दाजीबांच्या पुतण्याच्या नाकावरून घडवलेला तो चेहरा पाहून जुने लोक डोळे पुसू लागले. खाली मात्र सर ऑगस्टस पिम यांच्या देहाला शोभतील असे विशाल, अनवाणी पाय होते. दिल्लीच्या पाहुण्यांनी भाषणात त्या पायांचा खास उल्लेख केला. असे पाय, ते म्हणाले, ज्या देशाकडे आहेत त्याला रस्ता विचारावा लागत नाही.

संध्याकाळी पाहुणे गेले, मांडव उतरवायला सुरुवात झाली. मी आणि बापूसाहेब चौथऱ्यापाशी उभे होतो. चौथरा छातीएवढा उंच होता, त्यामुळे पुतळ्याचा पुढे टाकलेला उजवा पाय बरोबर डोळ्यांसमोर येत होता. यमुनाक्का रस्ता ओलांडून आल्या. हाताला भट्टीची राख होती, ती त्यांनी लुगड्याला पुसली.

"मास्तर," त्या मला म्हणाल्या, "तुमी धातूचं बघता न्हवं? मग माझं फुलपात्र कुटं लागलं, सांगा की."

माझ्या विद्यार्थ्यांना मी एक गोष्ट वर्षानुवर्षे सांगत आलो होतो : 'माहीत नाही' हे विज्ञानातले सर्वांत प्रामाणिक वाक्य आहे. उत्तरपत्रिकेत ते स्पष्ट लिहिणाऱ्याला मी अर्धा गुण देत असे, आणि थापा मारणाऱ्याचे गुण कापत असे. बापूसाहेब माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर विनंती नव्हती, धाकही नव्हता. कुतूहल होते.

"अंगठ्यात," मी म्हणालो. "उजव्या पायाच्या."

तो डोळ्यांसमोर होता, यापलीकडे त्या निवडीला कारण नाही.

यमुनाक्कांनी हात वर करून अंगठ्याला लावला, आणि तसाच ठेवला. ते पाहून मांडवाखालून दुसरी एक बाई आली. "आणि माझी परात वो?"

"घोंगडीच्या काठात."

"आमची समई?" एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले.

"छत्रीच्या दांड्यात. समईचा दांडा सरळ असतो, तिथं उपयोगी पडला."

एकदा कारणे द्यायला लागल्यावर थांबणे अवघड जाते. घंगाळ खांद्यात गेले, कारण त्याचे पितळ जाड. देवघरातली घंटा गळ्यात. बघता बघता रांग लागली. लोक नाव सांगत, भांडे सांगत, आणि मी दाजीबांच्या देहावर जागा दाखवत असे. लोक मागे सरकून, मान वर करून, आपापल्या जागेकडे पाहत. एका बाईला तिची कळशी पाठीत सांगितली तेव्हा ती उखडली.

"माझी पाठीत, आन् माझ्या जावंची डोस्क्यात? तिची तर गळकी हुती."

"गळकी म्हणूनच," मी म्हणालो. "वितळवायला सोपी."

"आमच्या म्हातारीनं डबा दिलता," मागून एक हमाल म्हणाला. "जर्मनचा. त्यो बी घेतला का?"

रांगेतले दोघेतिघे हसले. तो हसला नाही. "तिच्याकडं तेवढाच हुता," तो म्हणाला.

"घेतला," मी म्हणालो. "छातीत आहे."

बापूसाहेब माझ्या कानाशी आले. "प्रोफेसर," ते हळू म्हणाले, "तुम्ही निवडणुकीला उभे राहा. मी माघार घेतो."

पुढचे सर्वांना माहीत आहे. म्हणजे, सर्वांना जे माहीत आहे ते पुढचे आहे. पुतळा टपालाच्या तिकिटावर आला, शालेय पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आला. त्याची एक प्रतिकृती दिल्लीत बसवली, छत्रीसकट. छत्रीवर प्रबंध झाला. जनतेवर धरायचे छत्र राज्यकर्त्याच्या नव्हे तर शिक्षकाच्या हाती आहे, असा त्याचा निष्कर्ष असल्याचे मी वाचले. प्रत्येक पाडव्याला यमुनाक्का तांब्याभर पाणी घेऊन येत, अंगठा धूत आणि पदराने पुसत. त्यांचे पाहून इतर बायका करू लागल्या. मग परीक्षेला निघालेली मुले अंगठ्याला हात लावून जाऊ लागली, मग नवी जोडपी, मग सहलीच्या बसगाड्या. बाकीचा पुतळा काळपट हिरवा पडला आणि अंगठा सोन्यासारखा झळकू लागला. आता परदेशी प्रवाशांच्या माहितीपुस्तकांत पुतळ्याआधी अंगठ्याचे छायाचित्र असते. सर ऑगस्टस पिम यांच्या मस्तकाला एवढ्या लोकांनी त्यांच्या कारकिर्दीत कधी नमस्कार केला नसेल.

निवृत्तीनंतर मी अंधश्रद्धांविषयी व्याख्याने देत असे. एका गावात प्रश्नोत्तरांच्या वेळी एक विद्यार्थिनी उठली. "सर, दाजीबांच्या अंगठ्याला हात लावल्यानं पास होतात म्हणतात. त्यात काही शास्त्र आहे का?"

"अभ्यास केल्याने पास होतात," मी म्हणालो, आणि पुढचा प्रश्न घेतला. टाळ्या पडल्या.

यमुनाक्का वारल्या त्या वर्षीही कोणीतरी पाणी आणले होते. त्यांची सून असावी.

बापूसाहेब गेले, तारी त्यांच्याही आधी गेले. गोदामातल्या तिघांपैकी आता मी एकटा उरलो आहे. मागच्या वर्षी पुतळ्यांची देखभाल करणाऱ्या खात्यातून एक अधिकारी बाईंचा फोन आला. अंगठ्याचा पत्रा फार पातळ झाला होता, वरच्या बाजूला भोक पडायच्या बेतात होते. ठिगळ लावायचे तर मिश्रण ठाऊक हवे.

"लोक म्हणतात पितळ आहे," त्या म्हणाल्या. "घरोघरच्या भांड्यांचं. तुम्ही तेव्हा होतात ना, सर? खरंच पितळ आहे?"

"थोडा कीस घेऊन तपासा," मी म्हणालो. "अर्ध्या तासाचं काम आहे."

"तेच तर होत नाही. लोक कानस लावू देत नाहीत. मागच्या वेळी माझ्या माणसाला मारायला उठले."

"एका अंगठ्यासाठी?"

"एक बाई म्हणाली, माझ्या आज्जेसासूच्या मुलाला कानस लावाल?"

मी फोन ठेवला. रात्री न झोपण्याइतका मी भावनाप्रधान नाही; झोपलो. पण तेव्हापासून त्या पाडव्याची संध्याकाळ पुन्हा पुन्हा तपासून पाहतो आहे, आणि ती मी इथे पुरती सांगितलेली नाही.

रांग संपेपर्यंत यमुनाक्का तिथेच थांबल्या होत्या. बापूसाहेब मांडववाल्यांकडे गेले. मग त्या आपल्या दुकानातून तांब्याभर पाणी घेऊन आल्या आणि टाचा उंचावून ते अंगठ्यावर ओतले. ते पहिले पाणी. अंगठा पुसून त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"गार हाय," त्या म्हणाल्या. "ते बी असंच गार असायचं, पाणी भरून ठेवलं म्हंजे. रोज राती भरून ठेवायची मी."

"अजून?"

"अजून म्हंजे, तुमास्नी देईस्तवर की. तुमच्यामुळं दिलं बगा. मला देववत नव्हतं."

पांढऱ्या सदऱ्यातला तो गृहस्थ मी होतो.

दोरीपाशी त्यांनी मला विचारले होते, "मास्तर, ह्याचं खरंच कायतरी हुईल का? हुणार नसंल तर मी ठेवती." प्रश्न स्वच्छ होता. त्याचे उत्तर देऊ शकणारा त्या सबंध चौकात एकच माणूस होता. माझ्यासमोर जर्मनची पातेली पडली होती, जस्ती बादली पडली होती. रोलर त्यांच्यावरून फिरला की त्या ढिगाचे काहीही होणार नाही, हे पुढे प्रयोगशाळेत सिद्ध झाले खरे, पण मला ते तिथेच दिसले होते. "थांबा" एवढे म्हटले असते तरी पुरे होते. त्यांना म्हणता आले असते, बापूसाहेबांना म्हणता आले असते. पण ध्वनिक्षेपक चालू होता, रोलरची वाफ तयार होती, आणि मला कोणी अधिकृतपणे विचारलेले नव्हते. शिवाय एका लहानशा पितळी भांड्यात कोणी एवढा जीव गुंतवू नये, हे मला शिकवण्याजोगे वाटले. मी त्यांना शिकवले.

"द्या," मी म्हणालो होतो. "धातूला नाव नसतं, बाई."

त्यावर त्यांनी ते पुसून स्वयंसेवकाच्या हाती दिले, आणि नाव वर ठेवायला सांगितले.

पाडव्याच्या त्या संध्याकाळी यमुनाक्का पुतळ्याकडे मान वर करून पाहत होत्या. मांडवाचे बांबू एकेक करून खाली येत होते. मी निघणार, एवढ्यात त्यांनी माझ्या सदऱ्याची बाही धरली.

"एवढंच सांगा, मास्तर. नाव वर आलंय का खाली गेलंय?"

मी अंगठ्याकडे पाहिले. ओला होता. त्यात काहीही नव्हते.

"वर," मी म्हणालो.